गारांच्या माथी मारलेले गुलाब

आक्काचे चौदा गुलाब मी मारले. कात्री तिच्या हातात होती आणि मी इंग्लंडमध्ये होतो, तरीही मीच मारले. वर दोन वर्षं तो आळ गारांवर राहू दिला. गारांची बाजू मांडायला कोण येणार होतं?

गाव सोडलं तो दिवस आधी सांगायला हवा, कारण खोटेपणा तिथूनच सुरू झाला. बेळगावच्या स्टँडवर मी मुंबईच्या बसमध्ये बसलो आणि आक्कानं, माझ्या थोरल्या बहिणीनं, खिडकीतून एक पुडकं आत सरकवलं. वर प्लॅस्टिक, आत ओलं फडकं, त्यात तिच्या गावठी गुलाबाची वीतभर काडी. आई-वडील लवकर गेल्यावर तिनंच मला वाढवलं. निरोप देताना ती रडली नाही. "उलटी लावू नको बाळू," एवढंच म्हणाली. विमानतळावर झाडं न्यायला बंदी असल्याची पाटी दिसली आणि मी पुडकं कचऱ्याच्या डब्यात टाकलं. कुणी हटकलंसुद्धा नव्हतं. मी घाबरट आहे.

तीन महिन्यांनी फोनवर तिनं विचारलं, "फुटली का रं काडी?"

"फुटली की."

मग फुटलेली दाखवणं आलं. मी दुकानातून गुलाबाचं रोप आणलं, कुंडीत लावलं, पुढं फूल आल्यावर फोटो पाठवला. आक्काचा गुलाब फिका गुलाबी. माझा निघाला पिवळाधमक. "थंडीनं रंग बदलला असंल," तीच म्हणाली. मी लगेच हो म्हणालो.

तुमच्यापैकी जे माझ्यासारखे बाहेर पडले, त्यांना हे कळेल. एक खोटं सांभाळायला माणूस किती खरं काम करतो. ते रोप जगवायच्या नादात मी बागकाम शिकलो. भाड्याच्या घरामागं एक वाफा होता. पहिल्या नोव्हेंबरात त्यातलं सगळं वाळलं. मी फावडं घेऊन अख्खा वाफा उपसला आणि स्वच्छता केली म्हणून खूष झालो. शेजारच्या म्हातारबाईंनी कुंपणावरून विचारलं, झोपलेली झाडं का फेकलीत? थंडीत जमिनीखाली दडून वसंतात पुन्हा उगवणारी फुलझाडं असतात, हे आमच्या बाराही महिने हिरव्या गावात कुणी सांगितलं नव्हतं. अर्धी मुळं मी डब्यातून परत काढली. त्या दिवसापासून बाईंनी मला हाताखाली घेतलं.

तिकडच्या वसंतावर विश्वास ठेवू नये. मार्चमध्ये चार दिवस ऊन पडतं, कोंब भोळेपणानं वर येतात आणि एप्रिलमधल्या एका हिमानं काळे पडतात. मी रोज हवामान बघायचो आणि संध्याकाळी आक्कानं दिलेल्या सोलापुरी चादरी एव्हाना एकाचे चार झालेल्या गुलाबांवर पांघरायचो. बायको म्हणायची, "माणसांनी काय पांघरायचं ते पण गुलाबांनाच विचारा." पण गुलाब जगले. थंडी संपता संपता त्यांना गुडघ्याएवढं छाटायचं, कापलेला उतार डोळ्याच्या, म्हणजे कोंब फुटायच्या जागेच्या, उलट बाजूला ठेवायचा, हे सगळं मला जमायला लागलं. दर आठवड्याला मी आक्काला फुलं दाखवायचो. गावाकडं, पिरनवाडीतल्या आमच्या गल्लीत माझं नाव झालं, बर्फात गुलाब फुलवणारा.

मग एका मार्चमध्ये मी तिला म्हणालो, "आक्का, आता तुझे गुलाब छाट. गुडघ्याएवढे."

"आत्ता? उन्हाचं?"

"शास्त्र आहे ते."

आमच्याकडं पाऊस सरल्यावर, दसऱ्यानंतर छाटतात. लहानपणी काटे गोळा करणारा मी, मला हे पाठ होतं. पण घर सोडून आलेल्या माणसाची एक गंमत असते. आपण निघालो त्या दिवशीच घर थांबलं, असं त्याला वाटतं, आणि मग स्वतःच्या खिडकीबाहेरचा ऋतू तो तिकडंही लावून टाकतो.

आक्कानं छाटले. उघड्या पडलेल्या काड्या उन्हानं करपल्या. कशाबशा फुटव्यांवर एप्रिलमध्ये वळीव आला तो गारा घेऊनच. मेपर्यंत चौदाही गेले. गारांनी घात केला, असं आक्का म्हणाली.

भिंतीपलीकडं आप्पा राहतात, खानापूरकडं जंगलखात्यात नोकरी केलेले. तीस वर्षं आक्का आणि ते सकाळचा चहा भिंतीच्या दोन बाजूंनी घेत आले होते. छाटणीची कात्री दोघांत एकच, भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलेली. आप्पा स्पष्ट बोलले, "आक्का, गारा माझ्या झाडांवर बी पडल्या. माझी जित्ती हायत. तुमची कात्रीनं मेल्यात. भावाचं ऐकलासा."

"माझ्या भावानं बर्फात गुलाब फुलवल्यात," आक्का म्हणाली. "तुमी उभ्या जन्मात नुसती निलगिरी लावलीसा."

तिनं नवी कात्री आणली आणि बोलणं बंद केलं. मला फोनवर अभिमानानं सांगितलं, "चांगलं सुनावलं बघ त्यांला."

मी म्हणालो, "बरं केलंस."

गुलाब मारले ती चूक नकळत झालेली होती. 'बरं केलंस' हे दोन शब्द मात्र मी शुद्धीत, सगळं ठाऊक असताना बोललो. आप्पा खरं बोलले होते हे मला तेव्हाच कळलं होतं.

पुढच्या दोन वर्षांत आक्काचे फोन आखूड झाले. पूर्वी निम्मं बोलणं आप्पा काय म्हणाले याचं असायचं. मी विचारलं तर म्हणायची, "हायत की. भिंतीपलीकडं."

यंदा मार्चमध्ये घरी आलो. गुलाबांच्या चौदा आळ्यांत कोथिंबीर होती. पलीकडं आप्पांचे गुलाब भिंतीच्या वर डोकावत होते. आक्कानं चहाची खुर्ची पुढच्या दारात नेली होती. तिथून रस्ता आणि रिक्षा दिसतात, दुसरं काही नाही. कप हातात घेऊन ती तिथं बसली होती. विमानात रचलेली प्रस्तावना विसरून मी सगळं सांगून टाकलं. छाटणी, गारा, विमानतळावरचा डबासुद्धा.

तिनं कप खाली ठेवला. "म्हंजे त्यो पिवळा..."

"दुकानातला."

"ते ऱ्हाऊंदे. दुकानातला का असंना, बर्फात जगवलास न्हवं?" मग तिचा आवाज बदलला. "पर बरं केलंस म्हणालास मला. त्या माणसाला मी काय काय बोलले बाळू. दोन वर्सं तोंड बघितलं न्हाय."

"मी जातो आप्पांकडं."

"जा की. मी न्हाय येणार."

आप्पा वाळकी फुलं खुडत होते. मला बघून म्हणाले, "या साहेब. ह्यो कुठला महिना म्हणायचा तुमच्या शास्त्रात?"

आमची आक्का माझ्या मागंच येऊन उभी होती. मी मान खाली घालून म्हणालो, "आप्पा, गारांनी नाही, माझ्या सांगण्यानं झाडं मेली. तुम्ही खरं बोलला होता. आक्का तुम्हाला बोलली, ते मी थांबवलं नाही. माझं चुकलं."

आप्पांनी आणखी एक वाळकं फूल खुडलं.

"मोठ्यानं बोल," आक्का म्हणाली. "डाव्या कानानं ऐकू येत न्हाय त्यांला."

समोरच्या दोन घरांची दारं उघडी होती आणि एक रिक्षावाला उगाच थांबला होता. मी आप्पांच्या उजव्या बाजूला गेलो आणि गल्लीच्या टोकापर्यंत जाईल अशा आवाजात पुन्हा पहिल्यापासून सगळं म्हणालो, माझं चुकलं इथपर्यंत.