स्क्रूवरची लाल रेघ

मारोतराव पोलाद कारखान्याच्या रोलिंग मिलला फिटर होते. बोल्ट आवळला की त्याच्या डोक्यावरून खालच्या पत्र्यापर्यंत लाल रंगाची बारीक रेघ ओढायची, ही तिथली शिस्त. कोणी बोल्टला हात लावला तर रेघ तुटते आणि लांबून दिसते. तीस वर्षांत त्यांचा हात असा बसला, की घरीही ब्रश सुटेना.

"अवो, माझ्या कुकरच्या दांडीलेबी रेघ ओढली तुमी," त्यांच्या पत्नी वच्छलाबाई म्हणायच्या. "चोर का कुकर खोलाले येते?"

चौऱ्याण्णव साली सुपेल्याच्या भैय्याजी कबाड्याकडे भंगारात एक जुना कम्प्युटर आला. "ले जाओ, अंदर कुछ नहीं बचा," भैय्याजी म्हणाला. खरंच काही नव्हतं. पण डबा जाड पत्र्याचा, कोपरे काटकोनात. मारोतरावांनी तो सायकलच्या कॅरिअरला बांधला. डबा हाच ठेवायचा आणि आतलं सगळं बदलायचं, असं त्यांनी रस्त्यातच ठरवलं.

नागपूरहून कम्प्युटरचं मुख्य सर्किट, एक वापरलेलं ३८६ बोर्ड मिळालं. त्याची भोकं डब्यातल्या खांबांशी जुळेनात. दुसरा कोणी खाली पुठ्ठा सारून मोकळा झाला असता. मारोतरावांनी पितळेच्या सळीतून सहा खांब कापले आणि कानशीने घासून एका उंचीचे केले. एक जरी केसभर उंच राहिला तर बोर्ड ताणतं, आणि ताणलेलं बोर्ड कधीतरी दगा देतं. सहावा खांब त्यांनी तीनदा नव्याने केला.

बोर्डासोबत इंग्रजी पुस्तिका होती. बोर्डावरच्या पिनांवर छोट्या टोप्या असतात, त्यांना जंपर म्हणतात. कोणती टोपी कोणत्या नंबरच्या पिनांवर बसवायची, ते त्या पुस्तिकेत. मारोतराव आर्वीच्या मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेले. कामाच्या ड्रॉइंगवरची सुटी इंग्रजी अक्षरं ओळखायचे, शब्द मात्र लागत नसत.

वाचायला शामसुंदर यायचा. कारखान्याच्या कॉलनीत, सेक्टर २ मध्ये समोरच्याच क्वार्टरमध्ये राहायचा, मिलच्या स्टोअरमध्ये क्लार्क होता, वर्ध्याकडचा. दर रविवारी सकाळी खुर्चीत बसून चहा प्यायचा आणि वाचायचा.

"जे सात. दोन-तीन बंद."

"पुन्हा वाच."

"अरे बाप्पा, छापलेलं का बदलते?"

"पुन्हा वाच."

तो पुन्हा वाचायचा. दोन वर्षांत त्याने एक स्क्रू पिळायलाही पेचकस हातात धरला नाही. "मी डोकं, तू हात," म्हणायचा. मारोतराव हसायचे. बसवलेल्या प्रत्येक स्क्रूवर लाल रेघ ओढायचे.

एका रविवारी मेमरीच्या चारही पट्ट्या बसल्या. बटण दाबलं, पडद्यावर मेमरीचा आकडा चढत गेला आणि पूर्ण ४०९६ वर थांबला. शामसुंदरने मारोतरावांच्या पाठीवर थाप मारली. वच्छलाबाईंनी दोघांना शिरा दिला.

सत्त्याण्णवच्या जानेवारीत सिव्हिक सेंटरला कर्मचाऱ्यांच्या छंदांचं प्रदर्शन होतं. मारोतरावांना तिथे मशीन मांडायचीच होती. आयुष्यभर त्यांनी जे आवळलं ते यंत्राच्या पोटात राहिलं, कोणाच्या नजरेस पडलं नाही. एकदा तरी आपलं काम टेबलावर असावं आणि त्याला आपलं नाव असावं, एवढंच मनात होतं. हे त्यांनी फक्त शामसुंदरला सांगितलं होतं.

फॉर्म इंग्रजीत होता. "दे मले, मी भरतो," शामसुंदर म्हणाला. त्यांनी दिला.

प्रदर्शनाच्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून सकाळपासून टेबलाशी उभे होते. मशीनपुढे इंग्रजीत टाइप केलेलं कार्ड होतं. ते जरा तिरपं होतं, त्यांनी सरळ केलं. वाचलं नाही. वाचायचं काम शामसुंदरचं. लोक आले की ते मशीन सुरू करत, आकडा चढू देत आणि आतले पितळी खांब दाखवत.

संध्याकाळी क्वार्टरांच्या पलीकडच्या लाइनीतली सुमेधा आली. ती शाळेत शिकवायची. तिने कार्ड वाचलं, मशीनकडे पाहिलं, मग पुन्हा कार्ड वाचलं.

"काका, ही मशीन कोणाची?"

"माझी. कावून?"

"इथं शामसुंदरकाकांचं नाव आहे. यांनी बनवली, असं." तिने खालच्या ओळीवर बोट ठेवलं. "तुमचं खाली आहे. हेल्पर म्हणून."

हेल्पर. मारोतराव त्रेसष्ट साली हेल्पर म्हणून लागले होते. फिटर व्हायला नऊ वर्षं आणि दोन ट्रेड टेस्ट लागल्या होत्या.

त्यांनी वाकून डब्याचे स्क्रू पाहिले. सगळ्या रेघा सलग होत्या. कोणी काही उघडलं नव्हतं.

तेवढ्यात शामसुंदर दोन कप चहा घेऊन आला.

"हे काय लिवलं?"

शामसुंदरने कप टेबलावर ठेवले. "बनवणाऱ्याचं एकच नाव मागत होते रे. साहेबांनी इंग्रजीत विचारलं तर तू काय सांगशील? अन् मले कम्प्युटर सेक्शनमंदी जायचं आहे, दोन वर्षांपासून अर्ज पडून आहे माझा. तू चार-पाच वर्षांत रिटायर होऊन राहिला. तुले नाव घेऊन का करायचं आहे?"

"हेल्पर कावून लिवलं?"

"दुसरा शब्द नाही सुचला."

चहा तसाच राहिला. प्रदर्शन बंद होईपर्यंत मारोतराव टेबलाशी उभे राहिले, कारण चालू मशीन सोडून जात नाहीत.

बक्षीस शामसुंदरला मिळालं. महिन्याभरात कम्प्युटर सेक्शनची ऑर्डरही आली. रविवारची खुर्ची मारोतरावांनी आत नेऊन ठेवली.

जूनमध्ये शामसुंदर दारात आला. आत ये, असं कोणी म्हटलं नाही.

"मारोतराव, सेक्शनमधली एक जुनी मशीन बंद पडली. साहेब म्हणते, तुम्हीच तर बनवली होती, हीबी करा. चाल ना जरा. जुनं ते इसरून जा."

मारोतराव आत गेले आणि खाकी कव्हर घातलेली बोर्डाची पुस्तिका घेऊन आले. "घे. यात सगळं आहे. तुले वाचता येते."

"अन् हात?"

"हात हेल्परचा. तिकडं मिळन एखादा."

त्यांनी दार लोटलं.

"पुस्तक देऊन टाकलं?" वच्छलाबाईंनी विचारलं. "आता तुमचं कसं होईन?"

मारोतरावांनी रजिस्टर काढलं. फेब्रुवारीपासून रोज एक पान, असं करत अख्खी पुस्तिका त्यांनी ड्रॉइंग काढावं तशी उतरवली होती. अर्थ सुमेधाने सांगितले होते. शामसुंदरने वाचून दाखवलेली प्रत्येक ओळ त्यांनी त्या पानांवरून एकेक करून तपासली होती. कुठेतरी त्याने चुकीचं वाचलेलं सापडेल, असं वाटलं होतं.

जे सात, दोन-तीन बंद. बरोबर होतं. सगळंच बरोबर होतं. दोन वर्षं, दर रविवारी, त्याने एक अक्षर खोटं वाचलं नव्हतं.

एखादं खोटं निघालं असतं तर बरं झालं असतं.