कोंबडीची पिसं

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही — नवऱ्यालासुद्धा नाही. मग तुम्हालाच का? तुम्ही काकूंना ओळखत नाही, म्हणून असेल.

काकू नागपूरच्या निवृत्त शिक्षिका, इथे अमेरिकेत, पार्सिपनी गावी लेकीकडे राहतात. फॅशनच्या कपड्यांवरच्या पिसांसाठी रानपक्षी मारले जातात, तसे कपडे घेऊ नका — ही त्यांची मोहीम. मराठी मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात जेवणाच्या रांगेशेजारी त्यांचं टेबल असायचं. लोक सही करायचे आणि त्यांची पाठ वळली की हसायचे. मीही हसायचे.

मी ज्या कपड्यांच्या कंपनीत डेटा सांभाळायचे, तिचं नाव काकूंच्या पत्रकात सगळ्यात वर होतं. पत्रक घेऊन त्या घरी आल्या. "तू आतली आहेस, बेटा. पिसं कशाची, तेवढं सांग. माझं चुकत असेल तर नाव काढते."

इथे लिहिताना हात अडतोय. कारण मला ठाऊक होतं. पुरवठादाराच्या कागदावर बगळा लिहिला होता — पाणथळीतून धरलेला. मॅनेजर म्हणाला, 'पोल्ट्री' कर. सिस्टीममध्ये तो बदल कुणी केला? मीच. माझ्या ग्रीन कार्डची फाइल कंपनीच्या हातात होती ना! पण काकूंशी खोटं बोलायला कुणी सांगितलं होतं? 'माहीत नाही' म्हटलं असतं तरी त्या निघून गेल्या असत्या.

मी म्हणाले, "कोंबडीची आहेत, काकू. मी स्वतः चेक केलंय."

त्यांनी नुसतं नाव काढलं नाही. शिक्षिका त्या — फळ्यावर चुकलं तर वर्गासमोरच पुसायचं. संक्रांतीच्या कार्यक्रमात माइक मागून घेतला, आपण एका कंपनीवर खोटा आळ घेतला असं सांगितलं, सगळ्यांसमोर हात जोडले. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या — हो, जोरात. त्यानंतर टेबल कधी लागलं नाही. नीट चौकशी न करणाऱ्या बाईने लोकांना काय शिकवायचं, असं त्या म्हणाल्या.

ग्रीन कार्ड आलं. ती नोकरीही सुटली. आता कुणाची भीती होती? कुणाचीच नाही. तरी वर्ष गेलं, आणि मी गप्पच.

मंडळात कुणी नवीन आलं की काकू अजून माझा हात धरून सांगतात — हिने मला वेळेवर खरं सांगितलं. आणि मी हसून मान डोलावते.