विहीणबाईंची कोशिंबीर

फड्या निवडुंग खाल्लाय का कधी? बांधावरचा, काटेरी, शेळीसुद्धा आधी हुंगून बघते तो? नाही ना? मग आमच्या मावशींना तुम्ही ओळखत नाही.

दूध सोसायटीच्या चारा छावणीत मावशी स्वयंपाकाला होत्या. दुष्काळात काटे जाळून निवडुंग जनावरांना घालायचा, हे सगळेच करत होते. तो माणसांनीही खायचा, हे मावशींनी मोबाईलवर पाहिलं. मेक्सिकोतली एक म्हातारी चुलीपाशी रांधायची आणि मावशी टँकरच्या रांगेत, हंड्याला मोबाईल टेकवून, तिला बघायच्या. तिचं एक अक्षर कळत नसे.

"बोलणं कशाला कळाया पायजे? हात कळतो की," मावशी म्हणायच्या. म्हातारीला त्यांनी नातंही देऊन टाकलं होतं. विहीणबाई!

विहीणबाईंनी टोमॅटो-मिरच्या तव्यावर करपवून दगडावर रगडल्या, तेव्हा मावशींनी मांडीवर थाप मारली. "ह्यो तर आपला ठेचा! टमाटं घालून लाडावलेला." घेवड्याचं सूप म्हणजे त्यांच्या मते आपलं हुलग्याचं माडगंच. मक्याची भाकरी पाहून मात्र नाक मुरडलं. "तळहाताएवढी? जेवत्यात का भातुकली खेळत्यात?"

भांडण झालं ते निवडुंगावरून. विहीणबाईंनी फोडी उकडल्या आणि बुळबुळ जाईपर्यंत नळाखाली धुतल्या. मावशी रांगेतूनच ओरडल्या, "अगं बाई, किती पाणी! हिच्या गावाला टँकर लागत न्हाई वाटतं!" मग त्यांनी कोवळ्या फड्या सोलून, चिरून, मीठ टाकून तव्यावर भाजल्या. बुळबुळ तव्यातच आटली. पाण्याचा थेंब लागला नाही. वर कांदा, टोमॅटो, कोथिंबीर, लिंबू. झाली कोशिंबीर! मी चार वेळा घेतली.

मावशींच्या बचत गटाला खानावळीसाठी सोसायटीची रिकामी खोली हवी होती. चेअरमन हसले. "सभेच्या जेवणात वाढा. सभासदांनी खाल्लं तर खोली तुमची." मी तेव्हा बायकांच्या हक्कांची पत्रकं लिहीत फिरायचो. लगेच फलक रंगवला, 'मेक्सिकन कोशिंबीर'. मावशींनी तो पुसायला लावला. "निवडुंग लिही. फसवून वाढायचं असंल तर मला खोली नगं."

लिहिलं. पुरुषांची पंगत बसली. मावशी वाढायला आल्या की जो तो ताटावर हात आडवा धरी. "आमाला ढोरं समजलास का बे?" एक जण माझ्यावरच गुरकावला. "उद्या पेपरात येईल, गाव निवडुंग खातंय म्हणून," चेअरमन म्हणाले.

मावशींनी पळी माझ्या हातात दिली, पदर खोचला आणि पंगतीत मधोमध बसल्या. रांधणारी बाई, पहिल्या पंगतीत! "वाढ मला," म्हणाल्या आणि भाकरी मोडली. "या गं बायांनो, ह्यांचा आज उपास हाय!"

बाया खिदळत येऊन बसल्या, चेअरमनची बायकोसुद्धा. मी वाढतोय, त्या मागतायत, पातेल्याचा तळ दिसायला लागला. तशी पुरुषांत चुळबुळ. "अय, आमाला ठेवा की जरा!" चेअरमननी तर बायकोच्याच ताटात हात घातला. "का वो? पेपरवाले गेले का?" ती म्हणाली. हसून हसून माझ्या हातातली पळी पडली. खोली मिळाली.

मागच्या उन्हाळ्यात मावशी गेल्या. तेराव्याचं जेवण त्याच खोलीत रांधलं. आम्ही पुरुष पहिल्या पंगतीला बसलो. मीही, पत्रकं लिहिणारा. हात धुताना चुलीपाशी ताटकळलेल्या बाया दिसल्या, आणि मान वर करता येईना.

म्हणून एक मागणं. आज तुमच्या घरी जिनं रांधलंय, तिला आधी बसवा. पळी तुम्ही घ्या.