कॉलेजाला चाललेल्या पोरीचा आहेर

आमच्या घरी माझी मोठी नणंद राहते, सखुबाई. लेकरं तिला आत्या म्हणतात, मी आक्का म्हणते. लग्नानंतर थोड्याच वर्षांत नवरा गेला, मूलबाळ न्हाई, म्हणून माहेरी परत आली ती शिरड शहापुरातच राहिली. लोक म्हणतात, नणंद घरात म्हणजे भावजयीच्या डोक्याला ताप. असंल कुणाच्या. माझी पोरगी आज नांदेडला शिकून राहिली ती या बाईमुळं, आणि हे मी कुणापुढंबी सांगीन.

आधी तिचा स्वभाव सांगते. भावकीत कुणाचं लग्न निघालं की आठ दिवस आधीपासून आक्काचा मुक्काम तिकडं. शेवया, पापड, आचाऱ्यावर नजर, रुसलेल्या व्याह्याची समजूत, सगळं हिच्या गळ्यात. विधवा बाईनं पुढं पुढं करू नये म्हणणाऱ्या होत्याच, पण पंगतीला वरण कमी पडलं की त्यांनाच आक्का आठवायची. आणि जाईल तिथं साडी न्हाईतर भांडं, काहीतरी आहेर ठेवून येणार. मी चिडायची. म्हणायची, "आक्का, लोक आहेर करतात तो आपल्या घरच्या कार्यात परत येतो म्हणून. तुमाला ना पोरगा ना पोरगी, तुमच्याकडं कोण आणून देणार?" ती म्हणायची, "न्हाई दिला तर न्हाई. मला रिकाम्या हातानं मांडवात जायला जमत न्हाई." झालं. पुढं बोलायची सोयच न्हाई.

मागच्या वर्षी माझी प्रतिक्षा बारावी झाली आणि नांदेडच्या एका खाजगी कॉलेजात तिचा नर्सिंगला नंबर लागला. मी गावभर पेढे वाटले, अन् दुसऱ्या दिवशी कॉलेजातून फोन. पोरींना फीत सवलत हाय म्हणे. असंल बापा. पण वसतिगृहाचे वेगळे, खानावळीचे वेगळे, डिपॉझिट वेगळं, ड्रेस ते सांगतील त्याच दुकानातून घ्यायचा, आणि वरून विकास निधी. कुणाचा विकास, ते काही त्या फोनवरच्या बाईनं सांगितलं न्हाई. शनिवारपर्यंत भरा, न्हाईतर जागा दुसऱ्या पोरीला जाईल, एवढं मात्र बराबर सांगितलं. आमची हळद तोवर विकून झाली होती आणि तो पैसा पोरीच्याच क्लासात गेला होता. माझा मालक बालाजी डोक्याला हात लावून बसला. म्हणाला, "इथंच जवळ बी.ए. करू दे. दोन-तीन वर्षांनी लग्नच करायचंय." प्रतिक्षा उठून गोठ्यात गेली. भांडली असती तर बरं वाटलं असतं, तिचं ते गप जाणं मला बघवलं न्हाई.

आक्का शेंगा फोडून राहिली होती. ती बसल्या जागेवरून म्हणाली, "लग्नात लोक आहेर करतीलच ना हिला? मग तोच आता करतील. गुरुवारी कार्य काढा."

बालाजी म्हणाला, "कशाचं कार्य?"

"पोरगी कॉलेजात चालली त्याचं."

"आक्का, लोक हसतील."

"हसू दे. जेवून हसतील."

आणि खरंच निघाली की ती. विधवेनं अक्षत देऊ नये म्हणतात, म्हणून पोरीला संगं घेतलं. कुंकू लावायला पोरगी, बोलायला आक्का. शिरडात घरोघर फिरली, एसटीनं पुसेगावला जाऊन आली, वारंगा फाट्याच्या पाहुण्यांना सांगून आली. सगळीकडं एकच बोलणं, "आमची प्रतिक्षा नांदेडला शिकायला चालली, गुरुवारी तिचं कार्य हाय, जेवायला या."

गुरुवारी अंगणात पंगत बसली. वरण, भात, पोळ्या, वांग्याची भाजी, बुंदी. माणसं आली, अगदी भरभरून आली, आणि आहेर आला. साड्याच साड्या. कुणी पातेलं आणलं, कुणी समई, एकीनं तर पोळपाट-लाटणं आणलं. पोरीला आहेर म्हणजे साडी न्हाईतर भांडं, आमच्या लोकांना तिसरं माहीत न्हाई, आणि पैसेच आणा असं आक्का कुणालाच बोलली न्हवती. मी तिला हाताला धरून आत नेलं. म्हटलं, "तोंड उघडून सांगायला काय झालं होतं तुमाला? आता या साड्या कॉलेजाच्या हापिसात नेऊन वाळत घालू का?"

"आहेर काय मागून घेत असतात व्हय?" ती म्हणाली. पण तोंड उतरलं होतं तिचं. मधे फक्त शुक्रवार उरला होता.

मग तिनं पदर खोचला आणि सरळ पंगतीत जाऊन उभी राहिली.

"जेवता जेवता ऐका," ती म्हणाली. "तुमी आहेर आणला, माझा मान राखला. पण पोरीला साडी नेसून मिरवायचं न्हाई, शिकायचंय. ज्याची साडी त्यानं उचला आणि त्याऐवजी तिच्या हातावर पैसे ठेवा. मी जन्मात कधी मागितलं न्हाई, आज मागून राहिले. माझ्या घरी दुसरं कार्य व्हायचं न्हाई. माझं हे एवढंच."

आमच्याकडं आहेर परत उचलला म्हणजे संबंध तुटला, दोन घरांचं जाणं-येणं बंद. उचलणार कोण? बालाजी कोपऱ्यात मान खाली घालून उभा होता. मला वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं.

तेवढ्यात व्यंकटराव उठले. भावकीतला मोठा माणूस, आणि मोठा मानी. एका लग्नात मानाचा नारळ द्यायचा राहिला म्हणून सख्ख्या साडूशी चार वर्षं बोलले न्हवते. ते ताटावरून उठले, हात धुतले, आपली साडी काखेत मारली आणि दाराकडं चालले. संपलं, मी मनात म्हटलं. हा माणूस गेला म्हणजे मागून सगळे जाणार.

दारात जाऊन ते वळले. म्हणाले, "माझ्या तिन्ही पोरींच्या लग्नात ही बाई चुलीपुढं होती आणि तिन्ही वेळा आहेर ठेवून गेली. मी हिला आजवर एक खण दिला न्हाई. द्यायचा कधी? हिच्या घरी कार्यच न्हवतं. आज हाय. तुमी बसून काहून राहिले? उचला साड्या, बाहेर माझी जीप हाय."

मग काय विचारता. निम्म्याहून जास्त साड्या फाट्यावरच्या भावसिंगच्या दुकानातल्या होत्या, त्या जीपमधी गेल्या. भावसिंग आधी बिथरला. आहेराची साडी दुकानात परत आली तर माझी बरकत जाईल म्हणाला. पण सखुबाईच्या घरच्या म्हटल्यावर थांबला. आहेराच्या साड्या घ्यायला ती त्याच्याकडंच जायची, आणि दर वेळी घासाघीस करून त्याला रडकुंडीला आणायची. त्यानं सगळ्या साड्या पुऱ्या किमतीला परत घेतल्या, आणि वसतिगृहात लागंल म्हणून वर एक जाड चादर दिली. बाकीच्यांनी आपापल्या साडीचे पैसे अंगणातच पोरीच्या हातावर ठेवले. भांडी आणलेल्या बायांनी भांडी न्हाई उचलली, पदराची गाठ तेवढी सोडली. पोळपाट-लाटणं अजून माझ्याकडंच हाय, झ्याक पोळी होते त्याच्यावर.

शनिवारी दुपारी बालाजीनं पैसे भरले आणि पोरीची जागा राहिली. पुढच्या वर्षी पुन्हा भरायचेत, ते कॉलेज काही दया करणार न्हाई, ते मला माहीत हाय. पण त्या दिवशी मी ओट्यावर बसून एकेका घराचं नाव घेतलं आणि हात जोडले. व्यंकटरावांना तर आता मी वाकून नमस्कार करते, त्यांना आवडो न आवडो.

प्रतिक्षा निघाली त्या सकाळी भावकीतल्या बाया एसटीच्या थांब्यावर आल्या. सवयच ती, एकीनं डोळ्याला पदर लावला की सगळ्यांनी लावला, मीबी लावला. आक्का खेकसली, "रडून काहून राहिल्या? सासरी चालली का ती?"

मग तिनं पोरीचं तोंड दोन्ही हातांत धरलं. म्हणाली, "मी या गावात परत आले तेव्हा या थांब्यावर एक माणूस न्हवतं. तू येशील तेव्हा मी इथं उभी राहीन. नर्सचा ड्रेस घालून उतरायचं, कळलं?"

बस सुटली. आमी सगळ्यांनी मुकाट डोळे पुसले होते. रडत होती ती आक्का एकटीच.