आमच्यावाली कमजोरी

आमच्या सिहोऱ्याकडे 'कमजोरी' या शब्दाला दोन अर्थ आहेत. ताप येऊन गेला की कमजोरी, आणि नवरा-बायकोत जे बिनसतं आणि चारचौघांत सांगता येत नाही, तीही कमजोरीच. भंडाऱ्याचे डॉक्टर बाहेरचे. त्यांना पहिलीच ठाऊक.

माझ्या नवऱ्याला सांधेवात. गोळ्या सुरू झाल्या तशी त्याची सुजलेली बोटं मोकळी झाली, तो पुन्हा धानाच्या बांधीत उतरला. पण रात्री पाठ फिरवून झोपू लागला. मी आधी रुसले, मग भांडले, तेव्हा कुठे बोलला, "इच्छाच होत नाही. अन् झाली तरी अंग साथ देत नाही."

डॉक्टरांना मात्र तो दरवेळी एवढंच सांगायचा, "कमजोरी वाटून राहिली, साहेब." ते टॉनिक लिहून द्यायचे. फळीवर बाटल्या वाढल्या, त्याला भूक लागली, भात दुप्पट गेला. बाकी सगळं जिथल्या तिथे!

शेवटी त्याने गुपचूप गोळ्याच सोडल्या. एका सकाळी चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरलेला पाहिला, बोटं पुन्हा सुजलेली, आणि मला कळलं. माझं डोकंच फिरलं. "मले पुरा नवरा पायजे, हातासकट! अर्धा कायले देता?"

दुसऱ्याच दिवशी एसटीने भंडारा गाठलं. डॉक्टरांच्या खोलीत आमच्यामागे पुढचा पेशंट येऊन उभाच होता, तोही नेमका आमच्याच गावचा. नवरा म्हणाला, "कमजोरी..." डॉक्टरांनी पेन उचललं.

"थांबा साहेब," मी म्हटलं. "टॉनिकनं जाणारी नाही हे. आमी नवरा-बायको हावो, त्यातली हाये. गोळ्या सुरू झाल्यापासून."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. नवऱ्याला नीट विचारलं. औषधानं असं होऊ शकतं, दुखण्यानंही होतं, म्हणाले. औषध बदलून पाहू, पण आपल्या मनानं बंद करायचं नाही.

"गावभर होईन आता," नवरा स्टँडवर पुटपुटला.

"होऊ द्या. चोरी केली का मी?" म्हणाले खरी, पण हा माणूस मला माफ करेल का, कळत नव्हतं.

नव्या औषधाने बोटं पुन्हा मोकळी झाली. बाकीचंही हळूहळू परतलं. एवढंच सांगते की फळी आता रिकामी आहे.

मग एका संध्याकाळी तोच आमच्यामागे उभा राहिलेला पेशंट अंगणात आला. इकडेतिकडे बघत नवऱ्याला म्हणाला, "भाऊ, गोळ्यांनी मले बी कमजोरी वाटून राहिली."

मी चुलीपाशी फुंकणी खाली ठेवून ऐकू लागले. माझा नवरा आवाज जरासुद्धा न उतरवता म्हणाला, "कोणती? टॉनिकवाली का आमच्यावाली?"