मंडळवाल्या मॅडम

मंडळवाल्या मॅडमसमोर तक्रार करणं जोखमीचं काम होतं. जळगाव जामोदच्या आमच्या कॉलेजात कुणी सहज म्हटलं, की वाचायला नवी पुस्तकं मिळत नाहीत, की मॅडम चष्मा वर सरकवून विचारायच्या, "अजून कोणाकोणाले वाटते असं?" दोन नावं सांगितली की संपलं. आठवड्याभरात वाचक मंडळ उभं राहायचं आणि तक्रार करणारा त्याचा सचिव झालेला असायचा.

त्या वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. मूळ गाव डोणगाव. इथे भाड्याच्या खोलीत एकट्या राहायच्या. वर्गात त्यांची मराठी पुस्तकातल्यासारखी असे, पण बाहेर व्हरांड्यात आल्या की अस्सल वऱ्हाडी सुरू. "मंडळात पोरांची भाषा पायजे, नाहीतर पोरं तोंड उघडत नाहीत," असं म्हणायच्या.

मंडळाच्या बैठकीत मात्र त्या फारशा बसत नसत. "मंडळाले दोन गोष्टी लागतात. एक खोली अन् एक भांडण. खोली मी पाहते, भांडण तुम्ही मिटवा." खोलीसाठी त्या प्राचार्यांच्या दारात तासभर उभ्या राहायच्या. आत आमचा कितीही गोंधळ चालू असला तरी डोकावायच्या नाहीत.

मी दुसऱ्या वर्षाला असताना त्यांच्या तावडीत सापडले. सगळी मंडळं संध्याकाळी भरायची आणि आम्ही सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांतल्या मुली साडेचारच्या बसनं घरी जायचो. "मॅडम, मंडळं काय फक्त इथं राहणाऱ्यांचीच?" मी जरा तोऱ्यातच विचारलं. त्यांनी नेहमीचा प्रश्न केला. मी नसरीन आणि संगीताचं नाव घेतलं. नसरीन छान लिहायची, संगीता कुणाचीही हुबेहूब नक्कल करायची. बसवाल्या मुलींचं नाट्य मंडळ निघालं. खोलीची गरजच नव्हती. बस येईपर्यंत बसस्टँडच्या मागच्या मोकळ्या जागेत तालीम व्हायची.

नाटकात संगीता सासू झाली होती. एक दिवस बियाणं घ्यायला आलेल्या तिच्या बाबांनी तिला पदर खोचून, हातवारे करत ओरडताना पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून संगीता कॉलेजला आली नाही.

मॅडम त्याच बसनं आमच्याबरोबर तिच्या गावी आल्या. तिचे बाबा, आम्ही त्यांना काका म्हणायचो, ओट्यावरच बसले होते. "पोरगी शिकाले धाडली होती, तमाशा कराले नाही," ते म्हणाले. आत संगीता रडत होती, ते बाहेर ऐकू येत होतं. आम्हाला वाटलं, मॅडम आता त्यांना चांगलं समजावतील. त्या शांतपणे म्हणाल्या, "बरोबर आहे भाऊ. उद्यापासून ती नाटकात उभी राहणार नाही, हा माहा शब्द. पण कॉलेज बंद नका करू." काकांनी एकदा आत, रडण्याच्या आवाजाकडे पाहिलं. मग म्हणाले, "ठीक आहे. पाहू."

परतीच्या गाडीची वाट पाहत मॅडम फाट्यावर थांबल्या, तेव्हा मी चिडून विचारलं, "मॅडम, तुम्ही काऊन हार मानली?"

"मंडळ पुढच्या वर्षीही निघते," त्या म्हणाल्या. "हिचं शिक्षण सुटलं तर मंग ते कोण परत आणून देईन?"

दोन दिवसांनी संगीता आली. सासूचं काम मला मिळालं आणि मी ते फारच वाईट करत होते. संगीता बाकावर बसून पाहत होती. शेवटी तिला राहवलं नाही. "अवं, सासू अशी विनंती करते का? दम दे!" मी थांबले तशी ती म्हणाली, "उभं राहायचं नाही ना? मी बसलीच आहे." त्या दिवसापासून सगळं नाटक तिनं बसल्या जागेवरून बसवलं. मॅडमना कळलं तेव्हा त्या खूप हसल्या. पण शब्द दिला होता, म्हणून स्वतःच काकांना फोन केला. पलीकडून उत्तर आलं, "बसूनच ना? बसू द्या."

प्रयोग दुपारी ठेवला होता, आमच्या बसच्या वेळेआधी संपेल असा. काका आले, मागे उभे राहिले. संपल्यावर संगीताला एवढंच म्हणाले, "त्या सासूचा आवाज मागं येत नोता." सासू मी होते.

संगीता पदवीधर झाली. आज ती एका शाळेत शिकवते आणि दर वर्षी मुलांची नाटकं बसवते.

मॅडम निवृत्त होऊन डोणगावला गेल्या. मागच्या दिवाळीत मी त्यांना भेटायला गेले. त्याआधी कॉलेजात डोकावले होते. बसवाल्या मुलींचं मंडळ चालू होतं, आता त्यांना कॉलेजात एक खोली मिळाली होती आणि त्यांचा व्हॉट्सॲप ग्रुपही होता. मी मॅडमबद्दल बोलले, तर एका मुलीनं विचारलं, "कोणत्या मॅडम?" ते मला लागलं होतं. मॅडमना सांगावं की नाही कळेना, पण सांगितलं.

त्या चहा गाळत होत्या. हात थांबला नाही. "तुह्या वेळी तुम्ही तिघी होत्या," त्या म्हणाल्या. "आता किती आहेत?"

"खोलीत मावत नव्हत्या, मॅडम."

"असं?" त्यांनी कप माझ्यापुढे सरकवला आणि पहिल्यांदा वर पाहिलं. "मंग मोठी खोली पायजे त्यायले. प्राचार्य कोण आहे आता?"