चार बोटं

भुतंखेतं, करणी, बाहेरचं... असल्या गप्पा कोणी काढल्या की मी उठून चहा ठेवायला जातो. जन्मभर सरकारी खात्यात ड्राफ्ट्समन होतो, माझा विश्वास फूटपट्टीवर. पण एकदा त्या फूटपट्टीनंच मला तोंडघशी पाडलं, ते आज लिहून टाकतो. हसायचं त्यानं खुशाल हसावं.

नागपूर तेव्हा मध्य प्रदेशाची राजधानी होतं. जरीपटक्याच्या रस्त्यावर एक लहानसं चर्च होतं. माझा ऑफिसातला दोस्त शमुवेल तिथला. चर्चला लागून एक लांब खोली, मोडक्या बाकांनी छतापर्यंत भरलेली. शमुवेल आणि त्याच्या मंडळींनी ठरवलं — खोली मोकळी करायची आणि मोहल्ल्यातल्या बायकांना तिथं विणकाम शिकवायचं. मीही शनिवारी दुपारी जायला लागलो. बाकं दुरुस्त केली, छताचे कवेलू, म्हणजे कौलं, फेरले, भिंतींना चुना मारला. आणि शिकवायला कोण? तर माझे बाबा!

आम्ही कोष्टी. गिरणीच्या कापडापुढं आमचं लुगडं कोण घेणार... बाबांचा माग दोन वर्षं बंद होता. दिवसभर ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला उगाच हाका मारायचे. शिकवायचं आहे म्हटल्यावर गडी सकाळीच दाढी करून तयार. मला हळूच विचारतात, "मले मास्तर म्हणतीन का गा तिथं?"

आमचा माग खड्ड्याचा. जमिनीत खड्डा खणायचा, विणणाऱ्यानं काठावर बसायचं, पाय खाली पावड्यांवर. पावडी दाबली की धागे वर-खाली होतात. खड्डा ज्याच्या त्याच्या पायाच्या मापाचा, तळव्यापासून गुडघ्यापर्यंत. बाबांनी काडीवर माप घेतलं, मी फूटपट्टी लावून तपासलं, शमुवेलनं खणलं. अगदी तंतोतंत.

बाबा काठावर बसले. पाय टेकले नाहीत.

"खोल झाला ना गा," ते म्हणाले. खड्ड्यात काडी उभी केली — बरोबर. तीच काडी त्यांच्या पायाला लावली — बरोबर. पुन्हा बसले. तळव्यांखाली माझी चार बोटं आडवी सहज जात होती. माती टाकून चार बोटं तळ वर आणला. बसले... पुन्हा चार बोटं! शिकायला आलेली, बाबांपेक्षा वीतभर बुटकी मार्थाबाई बसली, तर तिचे पाय सपाट टेकले. भर दुपार, दारं सताड उघडी, सहा माणसं बघत उभी. माझं डोकंच फिरलं. सगळ्यांदेखत बाबांवर ओरडलो, "पाय काहून वर ओढून राहिले तुम्ही?"

"नाही ओढत रे... खालीच सोडले ना," ते म्हणाले. एवढंसं तोंड झालं होतं त्यांचं.

तेवढ्यात चर्चचे पाळकसाहेब आले. सगळं ऐकून त्यांनी बाबांना विचारलं, "खड्ड्याची पूजा केली होती ना तुम्ही?"

बाबा ओशाळले. "तुमच्या देवाच्या घरात आमचा नारळ कसा फोडू जी? तुमाले वाईट वाटलं असतं."

पाळकसाहेब मटकन बाकावर बसले. "आम्हीही प्रार्थना केली नाही... म्हटलं, तुम्हाला आवडणार नाही."

भिडेपायी दोन्हीकडून राहूनच गेलं होतं. जन्मात पहिल्यांदा बाबा हात न जोडता मागावर बसले होते. मग काय, दोन्ही केलं. नारळ फुटला, प्रार्थना झाली, मार्थाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. बाबा हात जोडून काठावर बसले.

नाही टेकले.

तीन शनिवार हेच. शेवटी बाबाच म्हणाले, "राहू दे गा. दुसरा कोणी पाहा." उमरेडचा एक विणकर आला, त्याच खड्ड्यात बसला आणि वर्ग मस्त चालला. बायका त्याला मास्तर म्हणायच्या. बाबा परत ओट्यावर. आता कोणाला हाका मारत नव्हते.

डॉक्टरांनी पाय ठोकून बघितले, म्हणाले, ठणठणीत आहेत. त्या हिवाळ्यात बाबांनी अंथरूण धरलं. रोज सकाळी मी त्यांना खाटेच्या कडेला बसवायचो आणि रोज ते विचारायचे, "टेकले काय गा?" पाय सारवलेल्या जमिनीवर टेकलेले मला स्वच्छ दिसायचे. "टेकले, बाबा," मी म्हणायचो. त्यांना पटायचं नाही.

एकदा मला राहवलं नाही. पायांना काहीतरी लागल्याचं त्यांना जाणवावं म्हणून मी त्यांच्या तळव्यांखाली हात घातला. अडलाच नाही, सहज सरकला. दोन्ही तळवे माझ्या हातावर होते, त्यांची ऊब लागत होती. पण भार... भारच नव्हता हो.

"टेकले काय गा?"

"हो," मी म्हणालो, आणि हात तसाच ठेवून बसून राहिलो. दुसरं काय करणार होतो?

याचं कारण मला आजही सांगता येत नाही, आणि कोणी सांगितलं तरी आता त्याचा काय उपयोग. सहा माणसांदेखत मी त्यांच्यावर ओरडलो होतो, तेवढंच मला नक्की ठाऊक आहे.